देवाची भांग आणि शेतकऱ्याचा बांध

सावदा, फैजपूर, रावेर या टापूंत शेतीचें बोलणें निघालें म्हणजे तें केळीवरून सुरू होतें आणि बहुधा केळीवरच संपतें. अशा मुलुखांतील शेतकऱ्यांच्या मासिकानें भांगेच्या झाडाविषयीं पानें खर्च करावीं, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या झाडाचें एक रोप लावल्याचें शाबीत झालें असतां दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, त्या झाडाविषयींचा कायदा प्रत्येक खातेदारास ठाऊक असणें अगत्याचें आहे. शिवाय या प्रश्नास धर्माची एक बाजू आहे, आणि भोळ्या शेतकऱ्यास अधिक फसविणारी बाजू तीच आहे.

धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, इतर पिकांच्या आड लपविलेल्या गांजावर पोलिसांनीं अलीकडच्या वर्षांत वारंवार धाडी घातल्या आहेत. तें पीक विक्रीच्या लोभानें केलेलें. त्याच्या बाजूनें बोलणारा शहाणा मनुष्य विरळा. पण समजा, शेताच्या कोपऱ्यांत महादेवाची देवळी आहे, तिच्यापाशीं कोणी दोन-चार रोपें लावलीं, आणि विचारल्यावर ‘हें देवाचें आहे, विकण्यासाठीं नव्हे’ असें उत्तर मिळालें, तर भल्या माणसाचेंही मन घोटाळतें. देवाच्या कामीं लावलेलें झाड गुन्हा कसें ठरेल? राज्यघटनेनें दिलेलें धर्मस्वातंत्र्य येथें उपयोगीं पडणार नाहीं काय? या दोन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

एक झाड, तीन माल

भांग, गांजा व चरस हे तीन माल एकाच झाडाचे. पानांची होते ती भांग; मादी झाडाच्या फुलोऱ्याचे चिकट शेंडे म्हणजे गांजा; आणि त्या झाडाची राळ वेगळी काढली म्हणजे चरस. वैद्यकांत या झाडास विजया म्हणतात, व जातीफलादि चूर्णासारख्या कांहीं औषधांत भांग पडते. सध्यांचा सगळा कायदा पान, शेंडा व राळ यांतील भेदावर उभा असल्यामुळें वाचकांनीं हा भेद नीट ध्यानांत ठेवावा.

आणखी एक घोटाळा येथेंच दूर केलेला बरा. इंग्रजी कागदपत्रांत ‘हेंप’ हा शब्द तीन निरनिराळ्या वनस्पतींस लाविलेला आढळतो. ‘सन हेंप’ म्हणजे आपला ताग, ‘डेक्कन हेंप’ म्हणजे अंबाडी, व ‘इंडियन हेंप’ म्हणजे भांग. ताग व अंबाडी यांस या कायद्याची बाधा नाहीं. अंबाडीचें फाटलेलें पान दुरून भांगेसारखें दिसतें, म्हणून तिच्या शास्त्रीय नांवांतही तें साम्य नोंदलेलें आहे. परंतु अंबाडीस मध्यें गर्द डाग असलेलें मोठें पिवळसर फूल येतें आणि तिचें पान चवीस आंबट असतें. भांगेस असें पाकळ्यांचें फूल येत नाहीं. तिच्या करवतीकांठी पानाचे पांच, सात किंवा अधिक सुटे भाग देठाशीं एकत्र येतात, व पान चुरगळलें म्हणजे उग्र वास सुटतो. हिमालयाच्या पायथ्याशीं हें झाड आपोआप उगवून त्याचीं रानें माजतात. आपल्या काळ्या जमिनींत तशी स्थिति नाहीं. येथें तें बागेंत दिसलें तर कोणीतरी लावलें असाच संशय प्रथम येतो.

पूर्वींची व्यवस्था

हें पीक एके काळीं सरकारी परवान्यानें होत असे. भुसावळाहून बऱ्हाणपुराच्या वाटेनें आगगाडी ज्या निमाडांत शिरते, त्याच निमाडांत, खंडव्याच्या बाजूस, जुन्या मध्यप्रांताची गांजाची लागवड होती. मुंबई इलाख्यांत ती मुख्यतः तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत असे. बंगाल्यांत राजशाही जिल्ह्यांतील नौगांव हें तिचें मोठें ठाणें. तेथील गांजा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनीं १९१७ सालीं आपली सहकारी संस्था स्थापिली, तीतून शाळा व दवाखाने चालविले. पुढें तो मुलूख बांगलादेशांत गेला, व १९८७ सालीं तेथील लागवड बंद झाली. एका पिकावर व एका परवान्यावर उभ्या असलेल्या संस्थेचें भवितव्य सरकारच्या एका हुकुमावर कसें लटकत असतें, हें सहकाराच्या अभ्यासकांनीं नौगांवाकडे पाहून शिकण्यासारखें आहे.

ब्रिटिश पार्लमेंटांत या अंमली पदार्थांविषयीं प्रश्न निघाल्यावरून १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें एक आयोग नेमला. सात सभासदांपैकीं तीन हिंदी होते. आयोगानें १,१९३ साक्षी नोंदविल्या, आणि १८९४ सालीं सात खंडांचा अहवाल दिला. बेताच्या सेवनापासून सामान्यतः म्हणण्यासारखा अपाय होत नाहीं, अतिसेवन मात्र घातक आहे. यास्तव सर्वस्वीं बंदी न करितां कर व नियंत्रण ठेवावें, असा त्याचा निर्णय झाला. या निर्णयांत धर्माचाही वांटा होता. शिवाची उपासना, होळी, बंगाल-ओरिसांतील त्रिनाथाची पूजा यांशीं या झाडाचा संबंध असल्याचें अनेक साक्षीदारांनीं सांगितलें होतें. बंदी केल्यास ती धर्मांत ढवळाढवळ समजली जाईल, ही भीति आयोगानें मनांत बाळगली.

या अहवालास जोडलेलें एक टिपण खानदेशच्या वाचकांस विशेष वाटेल. तें भांगेच्या धार्मिक महत्त्वाविषयीं असून, लिहिणारे गृहस्थ मुंबईचे जेम्स कॅम्बेल. १८८० सालीं प्रसिद्ध झालेला खानदेश जिल्ह्याचा गॅझेटियर ज्यांनीं संपादन केला, तेच हे. लोक ज्या वनस्पतीस इतकी पवित्र मानितात तिच्यावर बंदी घालणें म्हणजे अनेकांस दुःख देणें होय, असा त्यांचा एकंदर सूर होता. देवाच्या नांवानें भांगेची बाजू मांडणारे आजही या टिपणाचा आधार घेतात. परंतु एक गोष्ट विसरतां कामा नये. कॅम्बेलांच्या काळीं सरकार परकी होतें, व लोकांच्या धर्मास धक्का लागला तर राज्यास धोका, एवढीच त्याची दृष्टि होती. आज आपण आपली घटना केली आहे, व प्रश्नाची परीक्षा तिच्या कसोटीवर झाली पाहिजे.

सध्यांचा कायदा

१९४९ सालच्या मुंबई दारूबंदी कायद्यानें या राज्यांत भांगही मादक द्रव्यांत धरली. परवान्यावांचून ती बाळगणें, विकणें किंवा सेवन करणें हा गुन्हा ठरला. पुढें १९६१ सालीं अंमली पदार्थांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यांत शेंड्यांवांचून असलेलीं पानें व बीं हीं व्याख्येच्या बाहेर ठेवण्यांत आलीं, आणि जेथें जुनी चाल होती त्या देशांस ती बंद करण्यासाठीं, करार अंमलांत आल्यापासून, पंचवीस वर्षांची सवलत मिळाली. त्या धोरणास अनुसरून १९८५ सालीं भारताच्या संसदेनें नवा कायदा केला. पोलीस त्यास एन्.डी.पी.एस्. कायदा म्हणतात.

या कायद्यानें चरस व गांजा हे निषिद्ध ठरविले. गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे बरोबर नसतील तर नुसतीं पानें व बीं यांस तो शब्द लागत नाहीं. २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें एका जामिनाच्या प्रकरणांत या व्याख्येवर बोट ठेविलें, व कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानेंही त्याच वर्षीं भांगेच्या एका प्रकरणांत जामीन देतांना असाच विचार केला. एक किलोपर्यंत गांजा ही ‘अल्प मात्रा’ व वीस किलोंवरील ‘व्यापारी मात्रा’ होय. पहिलीस एक वर्षापर्यंत, दुसरीस दहापासून वीस वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

पान केंद्राच्या कायद्यांत येत नाहीं, एवढें ऐकून पुष्कळ लोक तेथेंच थांबतात, आणि फसतात तेही तेथेंच. मालाची व्याख्या करितांना कायद्यानें पान वगळलें; परंतु लागवडीची बंदी करितांना त्यानें ‘भांगेचें झाड’ हेच शब्द घातले आहेत. झाड नर असो कीं मादी, पानासाठीं लावलेलें असो कीं शेंड्यासाठीं, परवान्यावांचून तें लावणें हा कलम २० खालीं गुन्हा आहे, व त्यांत रोपांची संख्या किंवा वजन यांची सूट नाहीं. ज्या राज्यांत भांगेचीं सरकारमान्य दुकानें आहेत तेथें पानांची गरज रानांत आपोआप उगवलेल्या झाडांवर बरीच भागूं शकते. शेतांत लावलेल्या झाडास ती सबब लागू पडत नाहीं. पानास मुभा आणि झाडास बंदी, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे.

महाराष्ट्रांत तर पानासही आपोआप मुभा नाहीं, कारण वर सांगितलेला दारूबंदीचा कायदा उभाच आहे. उत्तर प्रदेश, राजस्थान व मध्य प्रदेश या राज्यांत भांगेच्या दुकानांस परवाने मिळतात. उज्जयिनीस महाकालाचा भांगेनें शृंगार होतो. रावेरच्या पुढें बऱ्हाणपूर लागलें कीं राज्य बदलतें. पलीकडे परवान्याच्या दुकानांत राजरोस घेतलेली पुडी अलीकडे आणली कीं ती बाळगणें हा गुन्हा होतो. देव तोच, भक्त तोच, मधली एक सीमा ओलांडल्यानें कर्म पालटतें. याचा विचार यात्रेस जाणारानें अवश्य करावा.

आतां जमिनीच्या धन्याकडे वळूं. कायद्याच्या कलम ४६ प्रमाणें आपल्या जमिनींत असें झाड कोणी बेकायदा लाविलें असेल तर त्याची खबर ताबडतोब देणें हें प्रत्येक जमीनधारकाचें कर्तव्य आहे. जाणूनबुजून खबर न देणारा शिक्षेस पात्र होतो. कलम ४७ नें तीच जबाबदारी सरपंच, पंच व गांवकामगार यांजवर ठेविली आहे. कलम २५ प्रमाणें आपली जागा अशा कामास जाणूनबुजून वापरूं देणारास मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. आणि कलम ५४ प्रमाणें जी जमीन आरोपीनें स्वतः कसली तीत झाड उभें असल्यास, उलट शाबीत होईपर्यंत, गुन्हा त्याचाच असें न्यायालयास गृहीत धरतां येतें. लावणारा साधु उद्यां दुसऱ्या तीर्थास निघून जाईल. सालदार साल संपलें कीं दुसऱ्याच्या कामास लागेल. सातबारा मात्र जागचा हालत नाहीं, आणि चौकशीचा पहिला कागद तोच असतो.

घटनेंतील धर्मस्वातंत्र्य

घटनेच्या अनुच्छेद २५ नें प्रत्येकास आपला धर्म मानण्याचें, आचरण्याचें व त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे. परंतु तें सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेंत दिलें आहे. धर्माशीं निगडित असलेल्या आर्थिक व ऐहिक व्यवहारांचें नियमन करण्याची सत्ताही त्याच अनुच्छेदानें राज्याकडे ठेविली. शेती व विक्री हे व्यवहार या सदरांत सहज पडतात. शिवाय आरोग्यास अपायकारक अशा मादक पेयांची व द्रव्यांची बंदी करण्याचा प्रयत्न राज्यानें करावा, असें अनुच्छेद ४७ सांगतो.

धर्माचें अमुक आचरण संरक्षणास पात्र आहे कीं नाहीं, हें ठरवितांना सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं शिरूर मठाच्या प्रकरणांत एक सूत्र घालून दिलें. धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, हें त्या धर्माच्याच शिकवणीवरून पाहावयाचें. या सूत्रानें १९५८ सालीं बकरी ईदच्या गोवधाविषयींचा दावा फेटाळला गेला, कारण तें आचरण सक्तीचें नसून ऐच्छिक असल्याचें न्यायालयास दिसलें. २००४ सालीं आनंदमार्गीयांच्या सार्वजनिक तांडवनृत्यासही याच कारणानें संरक्षण नाकारलें. तेव्हां भांगेचा दावा घेऊन जाणारास ‘आमच्यांत चाल आहे’ एवढें म्हणून भागणार नाहीं. तिच्यावांचून पूजाच होत नाहीं, असें त्यास दाखवावें लागेल.

तें दाखविणें सोपें नाहीं. शिवरात्रीच्या पूजेस पाणी, बेल व उपवास यांनीं पूर्णता येते, असें आपल्या घरोघरचा अनुभव सांगतो. शंकरास धोत्र्याचें फूल वाहतात, पण धोत्रा खाणें हा पूजेचा भाग आहे असें कोणी मानीत नाहीं. अथर्ववेदांतील एका सूक्तांत ‘भंग’ या वनस्पतीचा उल्लेख पवित्र वनस्पतींबरोबर आला आहे हें खरें; परंतु उल्लेख निराळा व सेवनाची आज्ञा निराळी.

आणि आपल्या खानदेशांत तर धर्माचा आवाज एकच नाहीं. महाशिवरात्रीच्या सुमारास तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवास व मुक्ताईनगरास यात्रा भरते, दिंड्या येतात. शिवाच्या त्याच पर्वांत एकीकडे धुनी पेटवून चिलीम ओढणारा बैरागी आपल्या पंथास अनुसरून वागतो, तर दुसरीकडे गळ्यांत तुळशीची माळ घातलेला वारकरी सगळीं व्यसनें वर्ज्य मानतो. दोघांचीही श्रद्धा खरी आहे. पण जेथें एकाचा प्रसाद दुसऱ्याचें व्यसन ठरतें, तेथें ‘हिंदु धर्मास भांग आवश्यक आहे’ असें सरसकट म्हणणें वारकऱ्यांवर अन्याय करणारें होईल.

इतर देशांत

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असें नाहीं. १८४५ सालापासून गिरमिटिया मजुरांच्या गलबतांतून आपले लोक जमेका बेटांत गेले. त्यांच्याबरोबर ‘गांजा’ हा शब्दही गेला, व तो तेथें रूढ झाला. पुढें तेथील रास्ताफारी पंथानें या झाडास उपासनेंत स्थान दिलें. कित्येक वर्षें त्या लोकांनीं तुरुंगवास सोसला; शेवटीं २०१५ सालीं तेथील कायद्यानें त्यांस उपासनेपुरती मोकळीक दिली. दक्षिण आफ्रिकेंत एका रास्ताफारी गृहस्थानें धर्मस्वातंत्र्याच्या आधारें मागितलेली सूट घटना-न्यायालयानें २००२ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं नाकारली. तेथेंच २०१८ सालीं प्रौढांच्या खाजगी वापरास मोकळीक मिळाली, परंतु ती धर्माच्या आधारावर नसून घरगुती खाजगीपणाच्या हक्कावर. अमेरिकेंत झायन कॉप्टिक नांवाच्या पंथाची अशीच मागणी १९८९ सालीं अपिलाच्या न्यायालयानें अमान्य केली. एकंदरींत पाहतां, जेथें वाट मोकळी झाली तेथें ती उघड मागणीनें, कायदेमंडळांत किंवा न्यायालयांत झाली. शेताच्या आडोशानें कोणासही हक्क मिळाला नाहीं.

आमचें म्हणणें

आजचा कायदा सर्वस्वीं निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पानास एका राज्यांत दुकान व शेजारच्या राज्यांत तुरुंग, ही विसंगति बोचणारी आहे. दारूच्या दुकानास परवाना देणाऱ्या राज्यानें देवस्थानांच्या नैमित्तिक विधींपुरतें पान मोजून देण्याची व्यवस्था करावी, अशी मागणी कोणी उघडपणें केली, तर ती विचार करण्याजोगी आहे. तिच्या विरुद्ध बाजूसही वजन आहे. व्यसनानें मोडलेलीं घरें गांवोगांवीं दिसतात, आणि देवाच्या नांवाची सवलत व्यापाऱ्याच्या हातीं जाण्यास वेळ लागत नाहीं. हा वाद विधिमंडळांत व्हावा, तेथें दोन्ही बाजूंचें ऐकून निकाल व्हावा. तोंपर्यंत त्याचा धोका ज्यानें धर्मही मोडला नाहीं व धंदाही केला नाहीं, त्या खातेदाराच्या माथीं येऊं नये, एवढीच आमची कळकळ आहे.

या झाडाच्या धाग्याची व बियांची शेती हा निराळा विषय आहे. कायद्याच्या कलम १४ नें सरकारास तशी परवानगी देतां येते. उत्तराखंडानें २०१८ सालीं ती वाट उघडली. अंमल आणणाऱ्या द्रव्याचें प्रमाण ०.३ टक्क्यांहून अधिक नसावें, अशी तेथें अट आहे. भांगेच्या बियांस व त्यांच्या तेलास २०२१ सालीं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें खाद्य म्हणून मान्यता दिली. परंतु शेजारच्या राज्याची परवानगी आपल्या बांधावर चालत नाहीं. बियाणें देऊं करणारा दलाल कोणताही कागद दाखवो, आपल्या सरकारचा लेखी हुकूम हातांत पडल्यावांचून एकही दाणा पेरूं नये.

राहिल्या चार गोष्टी. जमीन बटाईनें किंवा भाड्यानें देतांना पिकांचीं नांवें कागदांत लिहून घ्यावीं, व महिन्यांतून एकदां शेताची फेरी स्वतः करावी, विशेषतः दूरच्या व डोंगरपट्टीच्या शेताची. अनोळखी झाड दिसलें तर मजुराकडून गुपचूप उपटून टाकण्याच्या भरीस पडूं नये. पोलीसपाटलास किंवा ठाण्यास लेखी खबर द्यावी, तिची पोंच घ्यावी व पंचनामा होऊं द्यावा. शेतांतील देवळीपाशीं साधु उतरला तर त्यास अन्न, पाणी, सावली खुशाल द्यावी, पण तेथें कांहीं लावूं देऊं नये, आणि हें त्यास पहिल्याच दिवशीं नम्रपणें सांगावें. देवासाठीं बांधावर झाड लावावयाचेंच असेल तर बेल लावावा. त्यास परवाना लागत नाहीं, आणि त्याचें पान महादेवास पावतें याविषयीं बैरागी व वारकरी या दोघांचेंही एकमत आहे.